असाच उत्साह राहू द्या

निरोप सगळ्यात आधी आत्याने वाचला, यात नवल काही नाही. 'आपण सगळे' हा घरच्यांचा फोनवरचा गट, आणि त्यावर कुणी नुसतं खाकरलं तरी आत्याला आधी ऐकू जातं. रविवारची सकाळ, चहा अजून कपातच, आणि समोर भाचीने टाकलेला हा मजकूर:

'सर्वांना नमस्कार. आठ वर्षं तुमच्यासोबत होते. या महिन्याच्या शेवटी मी हे काम सोडते आहे. तुमच्या शंका, तक्रारी आणि आपसातली भांडणं यापुढे दुसरं कुणीतरी बघेल. त्या व्यक्तीशी नीट वागा. एकच फोटो पाच वेळा टाकू नका. आणि कितीही मोह झाला तरी एकट्याने पाण्यात उतरू नका. तुमच्याकडून खूप शिकले.'

आत्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकच फोटो पाच वेळा टाकणारं माणूस या घराण्यात एकच, आणि ते कोण हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि पाण्यात उतरू नका? साठी उलटल्यावर तिने गुपचूप पोहण्याचा क्लास लावला होता, तो फक्त या भाचीला सांगून.

"अगं बाई, जाता जाता मलाच टोमणे!" आत्या एकटीच मोठ्यांदा म्हणाली. मग तिला पुढचं सुचलं. जाता जाता म्हणजे कुठे? घर सोडून? आणि आठच वर्षं कशी? बत्तीस वर्षांची घोडी झाली की!

तिने चहा तसाच ठेवला, पिशवीत चार कपडे कोंबले आणि टॅक्सी बोलावली. वाटेत भावाला फोन लावला.

"दादा, पोरगी घर सोडतेय आणि तू काय झोपलायस?"

"घर नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज आधीच दमलेला होता. "संस्था सोडतेय. निरोप चुकून आपल्याकडे पडलाय. तू येऊ नकोस."

आत्या अर्थातच आली.

*

तिचा हा दादा म्हणजे घरातले काका. ते वरच्या मजल्यावर आजोबांबरोबर राहतात. खाली वहिनी आणि पुतणी, म्हणजे आत्याची ही भाची. काकांनी लग्न केलं नाही. संसार केला तो संस्थेशी, आणि तोही कुरकुर न करता.

संस्था आजोबांनी काढलेली. नद्या, तळी, विहिरी यांच्या पाण्याचा अभ्यास करणारी. शास्त्रज्ञ मूठभर आणि तळी अगणित, तेव्हा आजोबांनी डोकं लढवलं: ज्या माणसाच्या दाराशी पाणी आहे त्यालाच बघायला सांगायचं. दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, आणि कळवायचं. पाणी गढूळ होत चाललंय की निवळतंय ते एवढ्यावर समजतं. अशा माणसांना आजोबांनी शब्द काढला 'नोंदकरी'. आणि एक नियम घातला: जो लिहील त्याला उत्तर जाईल.

हे उत्तर देण्याचं काम आठ वर्षं पुतणीकडे होतं. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते नोंदकऱ्यांना साध्या भाषेत सांगायचं, नोंदकरी काय म्हणतात ते शास्त्रज्ञांच्या कानावर घालायचं, आणि दोघं एकमेकांवर चिडले की मध्ये उभं राहायचं. एका बाईंनी पांढऱ्या थाळीऐवजी घरातली जेवणाची थाळी विहिरीत सोडली होती, ती गेली तळाला. त्यांच्या सासूची समजूतसुद्धा हिनेच फोनवर काढली. नोंदकऱ्यांच्या गटाचं नाव 'आपण सगळे नोंदकरी'. घरच्या गटाचं नाव 'आपण सगळे'. दोन्ही नावं तिनेच ठेवलेली, आणि फोनच्या पडद्यावर पहिले दोन शब्दच दिसतात. चूक व्हायला एवढं पुरतं.

काका जिना उतरताना मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. तिने राजीनामा शुक्रवारीच दिला होता. तो टेबलाच्या खणात सारून, सोमवारपर्यंत राग उतरेल, असं ते धरून चालले होते. आता आत्याला कळलं म्हणजे सोमवार आलाच नाही म्हणायचा. त्यांना राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. चाळीस हजार नोंदकरी. त्यांच्यातल्या निम्म्यांना संस्थेचं नावही धड सांगता येत नाही. ते फक्त 'ताईंना कळवलं' म्हणतात. ताईच गेली तर ते कुणाला कळवणार?

*

खालच्या जेवणाच्या टेबलाशी सगळे जमले तेव्हा खुर्च्या कमी पडल्या नाहीत, जागा मात्र कमी पडली. आजोबा टेबलाच्या टोकाशी, हातातली काठी मांडीवर आडवी. आत्या पिशवीसकट. काका खिडकीकडे पाठ करून. आई स्वयंपाकघराच्या दारात, एक पाय आत, एक बाहेर. आणि मध्ये ती, जिला या घरात लहानपणापासून 'टपाल' म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून ती वरचे निरोप खाली आणि खालचे वर नेत आली.

"टपाल," आई म्हणाली, "काकांना विचार चहा घेणार का."

काका तिथेच, हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर.

"काका, चहा?"

"अर्धा. वहिनींना सांग, साखर नको."

"आई, अर्धा, बिनसाखरेचा."

कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. टपालचे बाबा गेले तेव्हापासून हे असंच चाललं होतं. बाबाही संस्थेतच होते. ते गेल्यावर आठवड्याच्या आत काकांनी त्यांची तिथली खोली रिकामी केली, सामान खोक्यांत भरून घरी पाठवलं, आणि आईला एका शब्दाने विचारलं नाही. आईने भांडण केलं नाही. तिने फक्त बोलणं थांबवलं. सासऱ्यांचं जेवण, औषधं, वरच्या नळाची गळती, सगळं नीट बघितलं, पण दिराशी जे बोलायचं ते मुलीच्या तोंडून.

"मला आधी हे सांग," आत्याने तोंड उघडलं, "एकच फोटो पाच वेळा, हे मला होतं की नाही?"

"नव्हतं गं आत्या. तो एक निवृत्त मास्तर आहे, एकाच बेडकाचे फोटो टाकतो."

"आणि पाण्यात उतरू नका?"

"पाण्यात का?" आजोबांनी विचारलं. "तू कुठे पाण्यात उतरतेस?"

"काही नाही हो, बाबा." आत्या लगबगीने बिस्किटांकडे वळली.

टपालला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं. तिने दोन्ही गिळलं. दोन रात्री तिला झोप नव्हती. घरी कसं सांगायचं याची तिने चांगली तयारी केली होती. आधी आईला, मग आजोबांना, एकेकाला गाठून, ज्याला जसं पचेल तसं. तेच तर तिचं काम होतं. आणि आता सगळं एकदमच सांडलं होतं. सांडलं ते बरंच झालं, असं तिला या क्षणी वाटायला लागलं.

"संस्था सोडायची नसते," आजोबा म्हणाले.

"मी सोडलीय, आजोबा."

"मी परवानगी देत नाही."

"मी मागितली नाही."

आत्याचा हात बिस्किटावरच थांबला. या टेबलाशी आजोबांना असं कुणी बोललेलं तिने पाहिलं नव्हतं; तिचा गेलेला थोरला भाऊसुद्धा कधी असं बोलला नव्हता.

"हे बघ, तुझं काय चुकलं, माझं काय चुकलं, ते आपण कामाच्या ठिकाणी बोलू," काका म्हणाले. "तू दमली आहेस. मी दहा वेळा सांगितलं, चाळीस हजार लोकांना एक माणूस उत्तरं देऊ शकत नाही. फोन उशीखाली घेऊन झोपतेस. म्हणून ती सोय केली. तुझ्यासाठीच केली."

"कुठली सोय?" आजोबांनी विचारलं.

काकांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. टपालनेच सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच आई दारातून पूर्ण आत आली.

"तयार उत्तरं, आजोबा. चार वाक्यं लिहून ठेवलीत. कुणी नोंद पाठवली की यंत्र त्यातलं एक वाक्य निवडून पाठवतं. खाली माझं नाव. गेल्या मंगळवारी एका तळ्यावरच्या माणसाने लिहिलं: थाळी वीतभरही दिसत नाही, पाण्याला वास आहे, सकाळपासून मासे मरून वर आलेत, काय करू? त्याला उत्तर गेलं, 'आपली नोंद मिळाली. असाच उत्साह राहू द्या.'"

आजोबांनी मांडीवरची काठी उचलली.

"त्याने मला फोन केला. रागावला नव्हता. म्हणाला, ताई, तुम्ही लिहिलंत म्हणजे काहीतरी अर्थ असेल, पण मला समजला नाही. उत्साह कसला?" टपालने कप बाजूला सारला. "मला त्याला सांगता आलं नाही की ते मी लिहिलं नाही. खाली माझं नाव होतं. आठ वर्षं त्या नावावर लोकांनी विश्वास ठेवला. तुम्ही ते यंत्राला देऊन टाकलंत, काका. मला न विचारता."

'न विचारता' हा शब्द टेबलावरून आईपर्यंत गेला. तिने पदराला हात पुसले, जरी ते ओले नव्हते.

आजोबांनी काठी जमिनीवर टेकली. "हे वाक्य कुणी लिहिलं?"

"बाबा, ते एका समितीने—"

"मेलेल्या माशांना उत्साह?" आजोबांचा आवाज फुटला. "अरे, अक्कल काय गहाण टाकलीत सगळ्यांनी मिळून? लिहिणाऱ्याला उत्तर, एवढा एक नियम केला होता मी! एक!"

"तेव्हा दोनशे नोंदकरी होते, बाबा!" काकाही आता तडकले. "तुम्ही नियम केलात आणि निवृत्त झालात. तो निभावायचा कुणी? मी दोनदा दुसरं माणूस मागितलं, मिळालं नाही. तिसऱ्यांदा मागितलं, हसले माझ्यावर. मग काय करू? पोरीला मरेपर्यंत जुंपून ठेवू?"

हे खरं होतं, आणि टपालला ते खरं आहे हे माहीत होतं. काका वाईट नव्हते. वाईट असते तर तिला हे पुष्कळ सोपं गेलं असतं.

"मग ठरलं," आजोबा म्हणाले. "ती यंत्रं-बिंत्रं बंद करायची. आणि तू जायचं नाहीस. तूच हे दुरुस्त करायचंस."

"तेच की!" आत्या लगेच त्यांच्या बाजूला गेली. घटकेपूर्वी ती भाचीच्या बाजूने फुरफुरत होती. "झालं गेलं. दादा बंद करेल ते. हो ना रे? मग प्रश्नच कुठे उरला? दुसरी नोकरी बघितलीयेस का तू?"

"नाही."

"नाही!" आत्याने सगळ्यांकडे बघितलं. "ऐकलंत? नाही म्हणे! मग करणार काय आहेस?"

"त्या तळ्यावर जाणार आहे."

"मासे मेलेल्या?"

"हो. पहिल्यांदा तिथे. आत्या, आठ वर्षं मी लोकांना पाण्याबद्दल समजावते आहे आणि मी एकही तळं पाहिलेलं नाही. थाळी पाण्यात सोडायची कशी, हे मी हजारो जणांना शिकवलंय. मी स्वतः एकदाही सोडलेली नाही. खुर्चीतून उठायला वेळच नव्हता. मला आता कुणाचं बोलणं कुणाला सांगायचं नाही. मला स्वतः बघायचंय, आणि मग जे दिसेल ते माझं म्हणून सांगायचंय. पुढचं पुढे."

"वेड लागलंय हिला," आत्या म्हणाली, पण हळू.

*

आई चहाची भांडी उचलून आत गेली. आत्या मागोमाग गेली, मदतीच्या नावाखाली.

"वहिनी, तू काहीच कशी बोलत नाहीस? तू सांगितलंस तर ऐकेल ती. सांग तिला, एक वर्ष थांब म्हणावं."

आई नळाखाली कप धरून उभी होती. सांगावं, असं तिलाही वाटत होतं, आणि कशासाठी वाटत होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. पोरीच्या नोकरीची तिला काळजी नव्हती. ती हुशार आहे, उपाशी राहणार नाही. काळजी होती ती जिन्याची. रोज संध्याकाळी काका-पुतणी एकत्र घरी यायची. वरचं खाली, खालचं वर, सगळं तिच्यातून वाहायचं. ती तळ्यावर गेली, की खाली आपण आणि वर दीर. मग एक तर स्वतः बोलायचं, नाहीतर मरेपर्यंत नाही. आईला आत्ताच कळलं, की आपण मुलीला इतकी वर्षं एका नोकरीत नाही, दोन नोकऱ्यांत ठेवलं होतं. दुसरी घरातली, आणि तिला तर रविवारचीही सुट्टी नव्हती.

तिला स्वतःची लाज वाटली. कप तिने तसाच बेसिनमध्ये ठेवला.

"वहिनी?"

"चल बाहेर," आई म्हणाली.

*

बाहेर काकांनी आवाज खाली आणला होता. ते आता वरिष्ठ म्हणून बोलत नव्हते.

"तुझा बाबा गेला तेव्हा मी तुला आणलं तिथे. कुणी काही म्हटलं नाही असं नाही, पण आणलं. वाटलं, तो नाही तर निदान त्याची मुलगी दिसेल रोज. तू गेलीस की मी त्या इमारतीत कुणाच्या तोंडाकडे बघू?"

टपालच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही. "काका, मला तुमचा लळा आहे. तुमच्याबरोबर काम करायला आवडलं मला. आणि मी जाणार आहे. दोन्ही खरं आहे."

"यंत्र बंद केलं तरी?"

"तरी. तुम्ही ते बंद कराच. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी."

काकांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा काठीच्या मुठीकडे बघत होते. त्यांचा रुसवा अजून गेलेला नव्हता आणि आज जाणारही नव्हता. आत्याकडे पाहिलं, तर ती नाक पुसत होती. उरली आई, दारातून येऊन खुर्चीच्या पाठीमागे उभी राहिलेली. काका सवयीने पुतणीकडे वळले.

"टपाल, वहिनींना विचार. त्यांनाही हेच हवंय का?"

सगळ्यांनी टपालकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. जन्मभराच्या सवयीने टपालचं तोंड उघडलं. 'आई, काका विचारताहेत' एवढे तीनच शब्द होते, ओठांवर आलेले. ते म्हटले असते तर सगळे सुटले असते. जेवणं झाली असती, तडजोड निघाली असती, एका वर्षाची, मग आणखी एका.

तिने तोंड मिटलं.

"काका, आई इथेच आहे," ती म्हणाली आणि मागे टेकून बसली.

आत्याला इतकं अवघड झालं की ती काहीतरी बोलायला निघाली, तर आजोबांनी काठीने तिच्या पायाला टोचलं. काकांनी घसा साफ केला. एकदा. पुन्हा एकदा. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"भावोजी," आई म्हणाली.

काका उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही.

"ह्यांची खोली रिकामी केलीत, तेव्हा मला विचारलं नव्हतंत. मला एकदा त्या खोलीत बसायचं होतं. एकदाच, दार लावून. आज विचारताय, आणि तेही पोरीकडून."

"वहिनी... मला ती खोली बघवत नव्हती. रोज त्या दारावरून जावं लागायचं. मी... मी पळालो हो. तुम्हाला विचारायचं सुचलंच नाही, आणि नंतर विचारायचं तोंड राहिलं नाही."

"हे मला तेव्हा सांगायचं."

"हो. सांगायला हवं होतं."

आईने खुर्ची ओढली आणि दिरासमोर बसली. हात टेबलावर ठेवले.

"तिला जाऊ द्या," ती म्हणाली. "मला भीती वाटते, तुमच्यापेक्षा जास्त वाटते. तरी जाऊ द्या. आणि त्या तळ्यावरच्या माणसाला आज फोन करा. तुम्ही स्वतः."

"मी?" काका पुन्हा बसले. "मी काय सांगू त्याला, वहिनी? मला नाही येत असं बोलता. मी अहवाल लिहितो."

"आधी सांगा, की ते उत्तर तिने लिहिलं नव्हतं. मग गप्प बसा आणि तो काय म्हणतो ते ऐका."

"आणि त्याने विचारलं, मासे का मेले? ते तर तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही."

"मग तेच सांगा ना. माहीत नाही म्हणा. माणसाला तेवढं पुरतं, भावोजी. मला पुरलं असतं."

काकांनी खिशातून फोन काढला. नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्यांची नजर टपालकडे वळू लागली आणि अर्ध्यात परत फिरली. "कार्यालयात फोन करून मागून घेतो," ते वहिनींना म्हणाले. "सुट्टी आहे, पण कुणीतरी असेल. तुम्ही जरा थांबाल का इथे, मी बोलेपर्यंत?"

"थांबते की. चहा टाकू पुन्हा?"

"टाका. आणि या खेपेला पूर्ण कप द्या."

टपाल उठली. बॅग भरायची होती. ती दारापर्यंत गेली, दारातून बाहेर पडली, आणि मागून तिला कुणी हाक मारली नाही.